साबण मुरायलाच हवा

लोणचे घातले त्याच दिवशी कुणी पानात वाढत नाही. बरणीचे तोंड बांधून ते मुरू देतात. मात्र घरी पहिल्यांदाच साबण करणारी गृहिणी दुसऱ्या दिवशी वडी घेऊन न्हाणीघराकडे निघते आणि तिथेच फसते.

रायपूरमध्ये या छंदाला साहित्याची वाण नाही. तात्यापारा, बुढापारा भागांतल्या जुन्या मराठी घरांना गोल बाजार जवळचाच. छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांत मोहाच्या बियांचे, म्हणजे टोऱ्याचे तेल काढतात. तेही साबणाला चालते. खोबरेल तर घरोघरी असते. कमी पडतो तो धीर.

तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून साबण आणि ग्लिसरीन तयार होते. तेला-चरबीच्या घटनेचा उलगडा करणारा ग्रंथ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी १८२३ साली प्रसिद्ध केला. हे गृहस्थ १०२ वर्षे जगले!

धीराची पहिली कसोटी वजनकाट्यापाशी लागते. एक किलो खोबरेलाला सुमारे १८३ ग्रॅम सोडा लागतो, तर तेवढ्याच शेंगदाणा तेलाला सुमारे १३५ ग्रॅम. म्हणून तेल बदलले की हिशेब नव्याने करावा. वाटी-चमच्याचे माप इथे उपयोगाचे नाही. हिशेबापेक्षा सोडा शेकडा पाच कमीच घ्यावा, म्हणजे थोडे तेल उरते आणि साबण सौम्य होतो.

दुसरी कसोटी सोड्याच्या पाण्याची. हातमोजे आणि चष्मा घालावा, मुलांना दूर ठेवावे, खिडक्या उघडाव्यात. सोडा हळूहळू पाण्यात टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळते. भांडे स्टीलचे हवे, अॅल्युमिनियमचे मुळीच नको. अंगावर थेंब उडाला तर ती जागा बराच वेळ वाहत्या पाण्याखाली धरावी. हे पाणी आपोआप तापते. मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा ते निवायलाही वेळ लागतो. ते कोमट झाल्यावरच तेलात मिसळावे.

मग ढवळणे. हाताने ढवळताना तासभरही लागू शकतो. पळीतून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ उमटवून राहिली, की मिश्रण साच्यात ओतावे. एक-दोन दिवसांनी वड्या कापाव्यात.

खरी परीक्षा यानंतरची. वड्या हवेशीर, सावलीच्या जागी चार ते सहा आठवडे ठेवून मधून मधून उलटाव्यात. बहुतेक सोडा पहिल्या एक-दोन दिवसांतच तेलाशी एकजीव झालेला असतो. पुढचे आठवडे पाणी उडून जाण्यासाठी असतात. त्यानेच वडी कठीण होते आणि जास्त दिवस टिकते. घाई केलेली वडी चार आंघोळींतच विरघळते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने आणखी थांबावे लागते, म्हणून नवशिक्यांनी दिवाळीनंतर आरंभ करणे सोयीचे.

मात्र एक लक्षात ठेवावे: चुकलेले वजन थांबून सुधारत नाही. वडीत पातळ पाण्याचे कप्पे दिसले, तर ती अंगाला मुळीच लावू नये.

साबण मुरला हे कसे ओळखावे? एक वडी दर आठवड्याला त्याच काट्यावर तोलावी. तिचे वजन घटायचे थांबले, की ती खुशाल न्हाणीघरात न्यावी.