सापाच्या अंगावरचे काळे ठिपके

पाळीव बॉल पायथन पाण्याच्या भांड्यातच तासन्‌तास बसू लागला, तर त्याला नुसतं उकडतंय असं समजू नका. डोळ्यांभोवती, हनुवटीखाली बारीक काळे ठिपके हलताना दिसले, पाण्यात बुडालेले आढळले, तर ते माइट्स. कन्नडमध्ये नारळावरच्या ज्या किडीला आपण ‘नुसी’ म्हणतो, तिचेच हे दूरचे भाऊबंद. ते सापाचं रक्त पितात. लहान पिल्लू त्याने दगावूही शकतं.

बरेच जण सापाला औषध लावून थांबतात आणि काही दिवसांत ठिपके पुन्हा दिसतात. कारण मादी अंडी घालते ती पेटीच्या सांधीकोपऱ्यांत. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. म्हणून आतला भुसा, लाकूड टाकून द्यावं, पेटी कढत पाण्याने धुवावी, तळाला साधा कागद घालावा. औषध पशुवैद्यांनी सांगितलेल्या मापानेच आणि तितक्याच वेळा द्यावं. घरात कासव असेल तर तेही सांगावं. आयव्हरमेक्टिन कासवाच्या जिवावर बेततं.

नाग, धामण पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. बॉल पायथनलाही २०२२च्या दुरुस्तीनंतर नोंदणी लागते. ती वेळेवर केली, की दवाखान्यात जायला संकोच उरत नाही.