फुप्फुसांतील पहारेकरी

बाहेरून शिरलेल्या कणांना व जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी प्राण्यांच्या शरीरांत असतात, ही गोष्ट रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनीं इ. स. १८८२ मध्यें सिसिली बेटावरील मेसिना येथें ताडली. तारामाशाच्या पारदर्शक पिलांत त्यांनीं कांटे टोंचले. दुसरे दिवशीं पाहतात तों कांट्यांभोंवतीं फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! या विषयांतील कार्याबद्दल त्यांस १९०८ सालीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

अशाच भक्षक पेशी आपल्या फुप्फुसांतील वायुकोशांत अहोरात्र पहारा करीत असतात. श्वासाबरोबर आलेले जंतु त्या गिळतात व पाचक रसांनीं विरघळवून टाकतात. शत्रु प्रबळ असल्यास रासायनिक संदेश पाठवून रक्तांतील इतर श्वेतपेशींस साहाय्यार्थ बोलावितात. मग ती जागा सुजते. यासच दाह म्हणतात. शत्रु नाश पावला कीं दाह शमतो. परंतु शत्रु मुळीं पचण्यासारखाच नसेल तर काय होईल?

विद्यार्थिमित्रहो, याचें उत्तर पाटीवरच्या पेन्सिलीपाशीं सांपडतें. मध्य प्रदेशांतील मंदसोर येथें या पेन्सिली दगड कापून करीत. त्या कामगारांमध्यें सिलिकोसिस नांवाचा रोग फार आढळला. दगड कापतांना उडणारे गारेचे कांहीं कण इतके बारीक असतात कीं, ते थेट वायुकोशांत पोहोंचतात. भक्षक पेशी असा कण गिळते. पण तो पचत नाहीं. उलट, तिच्या पोटांतील पाचक रसाची पिशवीच त्यानें फुटते. पेशी संकटाचा संदेश पाठविते व मरते. कण मात्र जसाचा तसा बाहेर पडतो, आणि दुसरी पेशी त्यास गिळते. अशा रीतीनें दाह वर्षानुवर्षें धुमसत राहतो. तंतु निर्माण करणाऱ्या पेशी त्या जागीं कठिण गांठी बांधीत जातात. मऊ फुप्फुस ताठर होऊन दम लागूं लागतो. पहारेकरी दुबळे झाल्यामुळें क्षयाच्या जंतूंसही वाट मोकळी होते.

काम सोडलें तरी कण आंतच राहतात. म्हणून रोग पुढेंही वाढूं शकतो. झालेली हानि भरून काढणारें औषध नाहीं. खरा उपाय एकच: धूळ नाकापर्यंत पोहोंचूं न देणें. दगड ओला ठेवून कापावा, उडणारी धूळ यंत्रापाशींच ओढून घ्यावी. हा खर्च मालकानें सोसावयाचा असतो. मजुरानें तोंडास बांधलेलें फडकें तेथें पुरत नाहीं.

परमेश्वरानें प्रत्येकाच्या देहांत पहारेकरी ठेविले आहेत. ज्या पेन्सिलीनें मुलांनीं मुळाक्षरें गिरविलीं, ती करणाऱ्याच्या पहारेकऱ्यांवर न पेलणारा भार पडूं न देणें, हें शेजारधर्माचेंच काम होय.