दोराचं दुसरं टोक

नांदेडच्या घाटांवर किंवा विष्णुपुरीच्या जलाशयात कुणी बुडालं, की पट्टीच्या पोहणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि काही बिनसलं तर ओढून घ्यायचं, हीच पुरेशी खबरदारी समजली जाते. स्कूबाचं शिक्षण तारकर्लीच्या समुद्रासाठी, मराठवाड्याला त्याचं काय, असंही म्हटलं जातं. पण निवळ समुद्रात सोबत्याच्या हातखुणा दिसतात; पावसाळ्यातल्या गढूळ गोदावरीत किंवा मांजरेत स्वतःचा हातही दिसत नाही. त्यामुळे इथे शिकणाऱ्याला हातखुणांइतकीच, किंबहुना आधी, दोराची भाषा यायला हवी. काठावरून हाक मारून भागत नाही. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो हे खरं. पण हवेतली हाक बहुतांशी पृष्ठभागावरूनच परतते. जी पोचते तीही दोन्ही कानांना जवळजवळ एकाच क्षणी ऐकू येते, म्हणून दिशा उमगत नाही. साधा वॉकीटॉकीही पाण्याखाली चालत नाही. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या मास्कमध्ये तारेचा फोन बसवता येतो, मात्र तो बंद पडला तर हाती दोरच उरतो.

दोराचे हिसके सगळीकडे सारखेच असतात, हा समज तर जिवावर बेतू शकतो. अमेरिकी नौदलाच्या पद्धतीत पाणबुड्याने दिलेले दोन हिसके म्हणजे ‘ढील द्या’, चार म्हणजे ‘वर घ्या’. काही शोधपथकांत मात्र दोन हिसक्यांवर पाणबुड्या दिशा बदलतो. स्थानिक अग्निशमन दल आणि बाहेरून आलेली आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी एकत्र उतरणार असेल, तर एकच तक्ता आधी ठरवावा लागतो. मिळालेला इशारा तितकेच हिसके देऊन परतवायचा, म्हणजे तो पोचल्याची खात्री होते. दोर सैल असेल तर यातलं काहीच पोचत नाही.

दोरच बुडालेल्या बाभळीत किंवा मासेमारीच्या जाळ्यात अडकतो, मग तो नकोच, हा आक्षेप अनुभवातून आलेला आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण ताणलेला दोर ढिल्या दोरापेक्षा कमी गुंततो. तो मनगटाला न बांधता छातीच्या पट्ट्याला जोडावा, अंगावर दोन ठिकाणी कापायची हत्यारं असावीत आणि दुसरा पाणबुड्या काठावर सज्ज असावा. दोर नसेल तर गुंतलेला माणूस नेमका कुठे आहे, हेच काठाला कळत नाही. मात्र घाबरून सपासप ओढणं हा त्यावरचा इलाज नव्हे. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून घेतलेला श्वास रोखून माणूस वर आला तर ती हवा फुप्फुसात दुपटीने फुगू पाहते, आणि दीड मीटरच्या आतल्या खोलीवरूनही फुप्फुस फाटू शकतं. नौदलाच्या नियमावलीत वर येण्याचा वेग मिनिटाला सुमारे ९ मीटर आहे. एवढं सगळं ज्याच्या हातावर अवलंबून आहे, तो दोर धरणारा गर्दीतून ऐनवेळी उचललेला नसावा. त्याचा सराव कोरड्या मैदानावर डोळे बांधलेल्या जोडीदारासोबत सुरू व्हावा, मग तलावात मास्क काळा करून, आणि शिकणाऱ्या प्रत्येकाने दोन्ही टोकं आळीपाळीने धरावीत.