एक पत्ता, तीन क्लास

अँड्रॉइड ॲपमध्ये पत्ता हाताळायला तीन क्लास उपलब्ध असतात: जावाचे यूआरएल आणि यूआरआय, आणि अँड्रॉइडचा स्वतःचा यूआरआय. शेवटच्या दोन नावांत फरक एवढाच, की जावाच्या क्लासची तिन्ही रोमन अक्षरे मोठी असतात आणि अँड्रॉइडच्या क्लासचे फक्त पहिले. त्यामुळे चुकीचा क्लास सहज इंपोर्ट होतो.

यूआरएल यांत सर्वांत जुना. तो पत्त्याकडे जोडणी उघडण्याच्या दृष्टीने पाहतो. दोन पत्ते सारखे आहेत का, हे ठरवण्यासाठीही जावात तो यजमान संगणकाचा आयपी पत्ता नेटवर्कवरून शोधतो. एकाच आयपीवर नांदणाऱ्या दोन वेगळ्या संकेतस्थळांचे पत्ते त्याला एकच वाटू शकतात आणि नेटवर्क मंद असेल तर साधी तुलनाही रखडते. हा दोष गंभीरच होता, पण अँड्रॉइड ४.० मध्ये तुलना यजमानाच्या नावावर आणून तो दूर केला गेला.

जावा १.४ बरोबर आलेला यूआरआय जोडणीच्या भानगडीत पडत नाही. तो पत्त्याचे व्याकरण तपासतो, आणि काटेकोरपणे तपासतो. शोधशब्द म्हणून ‘हापूस आंबा’ दिला तर देवनागरी अक्षरे त्याला चालतात, मधली मोकळी जागा मात्र चालत नाही. तो लगेच एक्सेप्शन फेकतो. सापेक्ष पत्ता मूळ पत्त्याशी जोडून पूर्ण करण्याचे कामही तो चोख करतो.

अँड्रॉइडचा यूआरआय याच्या अगदी उलट. वेगासाठी तो जवळजवळ काहीच तपासत नाही. मजकूर तसाच ठेवतो आणि भाग मागितले की मगच शोधतो. चुकीच्या पत्त्यावर तक्रार न करता तो निरर्थक उत्तर देऊ शकतो, म्हणून बाहेरून आलेला पत्ता त्याने स्वीकारला याचा अर्थ तो वैध ठरला असा होत नाही. तरीही ॲपच्या आतल्या कामासाठी योग्य क्लास हाच. गॅलरीतून निवडलेल्या फोटोचा ‘कंटेंट’ पत्ता इंटेंटमध्ये घालून दुसऱ्या ॲपकडे पाठवता येतो. यूआरएलला मात्र हा प्रोटोकॉल मुळात ओळखीचाच नाही.

पत्ता तयार करण्यासाठी अँड्रॉइडच्या यूआरआयसोबत बिल्डर मिळतो. ‘हापूस आंबा’ त्याला प्राचलाचे मूल्य म्हणून दिले, की प्रत्येक देवनागरी चिन्हाचे ३ बाइट आणि प्रत्येक बाइटचे ३ वर्ण होतात. दोन शब्दांतली ९ चिन्हे आणि एक मोकळी जागा मिळून ८४ वर्णांची एन्कोड केलेली ओळ तयार होते, आणि ती जावाचा काटेकोर यूआरआयही विनातक्रार स्वीकारतो.