पहिला वाटा शेजाऱ्याचा

पेण तालुक्यातील गागोदे या लहानशा खेड्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. त्यांनी आपल्या बालपणाची एक आठवण सांगितली आहे. घरचा फणस पिकला की आई गऱ्यांनी पानांचे द्रोण भरी व ते शेजाऱ्यांच्या घरी पोहोचविण्यास विनोबांना धाडी. वाटून झाले म्हणजे मग मुलाच्या हाती गरे पडत. विद्यार्थिमित्रहो, या साध्या चालीत आजच्या एका प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते.

प्रश्न असा. पेण-रोह्याकडील कित्येक घरांतील तरुण मंडळी पोटासाठी मुंबईस जातात आणि मागे वृद्ध आईबाप उरतात. अंत्योदय योजनेखाली कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य मिळते. निराधार वृद्धांचे वेतन २०२३ साली दरमहा १५०० रुपये झाले, म्हणजे दिवसास ५० रुपये. त्यातून औषधपाणी व मीठमिरची वजा जाता भाजीस काय उरणार? जागतिक आरोग्य संघटना तर प्रत्येक प्रौढास दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाज्या व फळे हवीत, असे सांगते. त्यांतील चोथ्याने पोट साफ राहते. क जीवनसत्त्वाने हिरड्या बळकट राहतात व जखम लवकर भरते. नुसत्या भातावर दिवस काढणाऱ्या देहास हे कोठून मिळावे?

धान्य कोठारात महिनोगणती टिकते, म्हणून सरकार ते दुरून पाठवू शकते. मेथीची जुडी मात्र दुसऱ्या दिवशी कोमेजते. अमेरिकेत २००१ साली गरीब वृद्धांना शेतकऱ्यांच्या बाजारात भाजीफळे घेण्यासाठी कुपने देण्याचा प्रयोग झाला व पुढच्याच वर्षी त्यास कायद्याचा आधार मिळाला. योजना उत्तम, तथापि गुडघे धरलेल्या आजीस बाजार गाठणेच कठीण! सारांश, धान्य सरकार देईल, पण भाजी शेजाऱ्यानेच पोहोचविली पाहिजे.

हे काम मुलांच्या आवाक्यातले आहे. परसातील शेवग्याचा पाला, दुधी, भोपळा, पपई यांचा एक वाटा शाळेच्या वाटेवरील आजोबांस देता येईल. ज्यांचे दात गेले त्यांस कच्ची काकडी काय कामाची? त्यांस मऊ शिजणारी भाजी न्यावी. आपल्याकडचे वाल भिजवून त्यांस मोड आणले की क जीवनसत्त्व वाढते. सोललेल्या वालांचे मऊ बिरडे म्हाताऱ्या माणसांसही खाता येते. पथ्य असल्यास वैद्यांचा सल्ला आधी घ्यावा.

परंतु देणाऱ्याने ताठा बाळगू नये. कारण घेणाऱ्यापाशीही देण्याजोगे पुष्कळ असते. पावसाळ्यात कातकरी भगिनी टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे अशा रानभाज्या बाजारात आणतात. शेवळ्यांत काकडाची फळे घातली नाहीत तर घसा खवखवतो, हे आजीस ठाऊक असते, तुम्हांस नसते. कोणती भाजी खाण्याजोगी व कोणती टाळावी, हेही तीच सांगेल. तेव्हा भाजीची जुडी देऊन लगेच पाठ फिरवू नका; घटकाभर बसा, विचारा, ऐका. एकट्या जीवास भाजीइतकीच बोलणाऱ्या माणसाचीही भूक असते.

पालकांनो, उद्या परसातली पहिली भाजी खुडाल, तेव्हा तिचा एक वाटा मुलाच्याच हातून शेजारी पाठवा.