संगणकाला स्पर्श सांगताना

बुऱ्हाणपुरात यंत्रमागाचा खडखडाट कोणाला परका नाही. पिकर धोट्याला फटका देतो, धोटा ताण्याच्या धाग्यांमधून पलीकडे धावतो आणि तिथल्या पेटीत शिरून थांबतो. कोण कोणाला टेकले, हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. हाच माग संगणकावर उभा करून त्याची ताकद तपासायची झाली, तर मात्र प्रत्येक स्पर्श आपल्यालाच सांगावा लागतो.

संगणकाच्या लेखी हे सारे सुटे आकार. काहीच सांगितले नाही, तर पिकर धोट्याच्या आरपार निघून जाईल. म्हणून समोरासमोरचे पृष्ठभाग नेमायचे आणि त्यांचे नाते ठरवायचे. वेल्ड केलेले भाग 'चिकटलेले'. बोल्टने घट्ट आवळलेला सांगाडाही सोयीसाठी तसा धरतात. जे दाबतात पण ओढत नाहीत, ते 'टेकलेले'. घसरताना अडत असतील, तर घर्षणाचा आकडाही द्यायचा.

अवघड हे की, नेमकी किती जागा टेकणार ते आधी ठाऊक नसते. भार वाढला की ती जागाही वाढते. वक्र पृष्ठभागांसाठी हे गणित हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1882 मध्ये मांडले. आपल्या स्टेशनातून जाणाऱ्या आगगाडीचे प्रत्येक चाक रुळाला जेमतेम नखाएवढ्या जागेत टेकलेले असते! संगणक ती जागा अंदाजाने धरतो, हिशेब करतो, आणि भाग एकमेकांत शिरले असे दिसले की पुन्हा मांडतो. याला वेळ लागतो.

म्हणून नवखा अभियंता सगळेच चिकटवून मोकळा होतो. काही प्रणाली तर न सांगताच तसे धरतात. मग धोटा पिकरला चिकटूनच राहतो. ही चूक निदान डोळ्यांना दिसते, पेटीतली फसवी. तिथली दाबपट्टी धोट्याला आवळून घर्षणाने त्याचा वेग मारते. घर्षण खऱ्याहून जास्त धरले, तर स्प्रिंग सैल असूनही पडद्यावर सारे ठीक दिसते. प्रत्यक्षात धोटा उसळून मध्येच अडकला आणि माग वेळेवर थांबला नाही, तर धागेच्या धागे तुटतात. ते सांधण्यात विणकराची मजुरी बुडते. रंगीत चित्र मात्र दोन्ही वेळा तेवढेच देखणे!

तेव्हा चित्र पाहून हुरळू नये. आधी स्पर्शाच्या जागचा दाब तपासावा. नुसते टेकलेल्या ठिकाणी ओढ दिसली, तर नाते चुकीचे दिले आहे. घर्षणाचा आकडा थोडा कमी-जास्त करून हिशेब पुन्हा करावा; तेवढ्याने निकाल उलटत असेल, तर पडदा सोडून मागापाशी जावे आणि घर्षण प्रत्यक्ष मोजावे.