खसखशीएवढी जखम

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत २०११च्या जनगणनेत मिळून सव्वानऊ लाखांहून थोडी जास्त माणसं होती. २००५-०६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या एका विभागात पक्षाघाताच्या नव्या रुग्णांची नोंद ठेवली. पंचविशीपुढच्या दर लाख माणसांमागे वर्षाला १४५ जणांना पहिला झटका येतो, असं तिच्यातून दिसलं. तोच दर इथं लावला आणि निम्मी माणसं पंचविशीपुढची धरली, तर त्या जुन्या लोकसंख्येतही वर्षाकाठी साडेसहाशेच्या वर घरांवर हा प्रसंग येतो. त्यातून वाचलेल्यांपैकी साधारण दर तिसऱ्या माणसाला पुढे नैराश्य गाठतं. जगभरच्या पाहण्यांत हे प्रमाण पुन्हा पुन्हा आढळलं आहे.

घरच्यांच्या ते लक्षात येतं, पण ते त्याला नैराश्य म्हणत नाहीत. ‘पप्पांनी मनच सोडलंय.’ ‘व्यायामाचं नाव काढलं की तोंड फिरवतात.’ भेटायला येणारा प्रत्येक जण मन घट्ट करायला सांगून जातो. काल लोकल पकडून कामाला जाणारा माणूस आज अंथरुणाला खिळला, तर त्याला वाईट वाटणारच. पण त्यातलं दुःख परिस्थितीचं किती आणि मेंदूतल्या जखमेचं किती? माणसात हे वेगळं काढणं फार अवघड, कारण दोन्ही एकाच दिवशी येतात.

ही गाठ सैल करायला एका रेणूची मदत झाली. तो तुमच्या-माझ्या रक्तवाहिन्या आत्ता, या क्षणीही बनवत आहेत. त्याचं नाव एंडोथेलिन-१.

१९८८ साली जपानच्या त्सुकुबा विद्यापीठात मासाशी यानागिसावा या तरुण संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या महाधमनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी वाढवल्या आणि त्या पेशी ज्या द्रवात वाढत होत्या, त्यातून हा रेणू वेगळा काढला. अवघ्या २१ अमिनो आम्लांची ही साखळी गंधकाच्या दोन पुलांनी घट्ट दुमडलेली असते. रक्तवाहिनी आवळणाऱ्या, तोवर ज्ञात असलेल्या पदार्थांत ही सर्वांत जोरकस ठरली, आणि तिचा परिणाम लवकर उतरतही नाही. मला सर्वांत थक्क करते ती पुढची गोष्ट. इस्रायलच्या वाळवंटी भागात जमिनीखाली राहणाऱ्या एका सापाच्या विषातले सॅराफोटॉक्सिन नावाचे रेणू जवळपास याच घडणीचे निघाले. तो साप भक्ष्याच्या हृदयाच्या धमन्या आवळून त्याला मारतो. आपल्या रक्तवाहिन्या रोज कणाकणानं वापरतात तोच संदेश सापाच्या दातात मृत्यू होऊन बसला आहे!

हा गुण प्रयोगशाळेत कामी आला. उंदराच्या मेंदूत नेमक्या ठिकाणी अतिसूक्ष्म सुईनं एंडोथेलिन-१ सोडलं, की तिथल्या वाहिन्या आवळतात, रक्त थांबतं आणि तेवढ्याच भागाला पक्षाघात होतो. काही वेळानं पकड सुटून रक्त परत येतं, माणसाच्या बऱ्याच झटक्यांत होतं तसंच. जागा संशोधकानं निवडायची, हे यातलं मोठं बळ.

२०१६ मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या गटानं जी जागा निवडली, ती मेंदूच्या पुढच्या भागात, मध्यरेषेजवळ, डाव्या बाजूला होती. भीती आणि उदासी आवरणाऱ्या जाळ्यातली ती एक मोक्याची गाठ. तिथं झालेली जखम जेमतेम एक घन मिलिमीटरची, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढी. उंदरांचं चालणं-फिरणं तसंच राहिलं. आडव्या शिडीच्या दांड्यांवरून ते नीट पाय टाकत गेले, पिंजऱ्यातली त्यांची हालचाल कमी झाली नाही. तरी पाण्यात सोडल्यावर त्यांनी निरोगी उंदरांपेक्षा आधी धडपड सोडली. उघड्या जागेला आणि उजेडाला ते बिचकू लागले. पाय लुळे असते, तर धडपड थांबण्याचं कारण तेच म्हणता आलं असतं. इथं पाय धडधाकट होते. या उंदरांची नोकरी गेली नव्हती, त्यांना कुणाचा आधार घेऊन उठावं लागत नव्हतं. उदासीसारखं काहीतरी केवळ त्या जखमेतून आलं होतं.

सहा आठवड्यांनी पुन्हा चाचण्या घेतल्या, तेव्हा भीतीही होती आणि खचलेपणही. मेंदू तपासला, तर जखमेच्या जागी चेतापेशी येऊन बसलेल्या! म्हणजे भोक भरू लागलं होतं, आणि तरी उंदीर पूर्ववत नव्हते. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात दूरच्या, त्या जागेशी जोडलेल्या भागांचं काम मात्र बदललेलं आढळलं. घाव एका ठिकाणी आणि त्याचा परिणाम सबंध जाळ्यात, हे मला या प्रयोगांचं मर्म वाटतं. उंदराला ‘कसं वाटतंय’ विचारता येत नाही, त्याच्या वागण्यावरूनच अंदाज बांधावा लागतो, ही मर्यादा खरी. पण बरा होऊ लागलेला हात हलवायलाही नकार देणाऱ्या माणसाला ‘जिद्द नाही’ म्हणण्याआधी हा प्रयोग आठवावा, असं मला मनापासून वाटतं.

त्याच गटानं पुढे अशा उंदरांना फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचं जुनं औषध दिलं आणि त्यांचं वागणं सुधारलं. माणसांवर ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली आले. या औषधानं नैराश्य कमी झालं, पण हातापायांतली शक्ती लवकर परतली नाही, आणि हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं वाढलं. म्हणून हे औषध प्रत्येकाला सरसकट देण्याचं नाही, डॉक्टरांनी माणूस पाहून ठरवायचं.

एंडोथेलिनला पेशींवर दोन कुलुपं सापडतात, ए आणि बी. ए उघडलं की वाहिनी आवळते. बी उघडलं की पेशींना तग धरायला, मेंदूला दुरुस्तीला बळ मिळतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. फक्त बी उघडणारा, एंडोथेलिनच्याच घडणीवरून बेतलेला सोव्हाटेल्टाइड हा रेणू डॉ. अनिल गुलाटी यांनी पक्षाघातावरचं औषध म्हणून पुढे आणला. भारतात तो मान्य झाला आणि २०२३ मध्ये मुंबईच्या सन फार्मानं ‘टायवाल्झी’ या नावानं बाजारात आणला. रक्ताच्या गुठळीनं झालेल्या झटक्यात २४ तासांच्या आत तो शिरेतून द्यायचा असतो. त्यामागची तिसऱ्या टप्प्याची भारतीय चाचणी १५८ रुग्णांची होती. एवढी छोटी चाचणी मला पुरेशी वाटत नाही, याहून मोठ्या चाचण्या हव्यात. शिवाय मान्यता झटक्याच्या उपचारासाठी आहे, नैराश्यासाठी नाही. तरीही उंदराच्या मेंदूत पक्षाघात घडवणाऱ्या रेणूचाच एक भाऊबंद आज आपल्याकडे पक्षाघातावरचं औषध म्हणून शिरेतून दिला जातो आहे.